शेतकऱ्याची टिपणवही आणि लिखित आज्ञा पाळणारा चॅटबॉट

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके. त्यांपैकी वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली मान्यता दिली. या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागातील शेती मुख्यतः भाताची आहे, आणि भाताची शेती ही वेळेची शेती आहे. रोहिणी नक्षत्र लागले की बियाणे, राब आणि बांधबंदिस्ती यांची घाई सुरू होते. मृगात रोप टाकले की चिखलणी, लावणी, खत, कोळपणी व निंदणी ही कामे एकामागून एक दारात उभी राहतात. त्याच दिवसांत पीक विम्याची मुदत असते, ई-पीक पाहणीची नोंद करावयाची असते, सोसायटीच्या कर्जाची फेड असते, पीएम-किसानच्या हप्त्यासाठी ओळख पडताळणी राहिलेली असते आणि मुलांच्या शाळेचा दाखलाही काढावयाचा असतो. शेतकरी आळशी असतो म्हणून यातील एखादे काम राहते, असे नाही. दिवसभर खाचरात वाकून काम केलेल्या माणसाच्या ध्यानात पंधरा तारखा राहत नाहीत, हे त्याचे खरे कारण होय.

विसरलेल्या तारखेची किंमत मात्र शेतकऱ्यासच मोजावी लागते. रोप वेळेवर उपटले नाही तर ते जून होते आणि त्यास फुटवे कमी येतात. विम्याची मुदत टळली तर पीक गेल्यावर हात चोळत बसावे लागते. ई-पीक पाहणी राहिली तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद येत नाही आणि पुढे विकावयास वा मदत मागावयास गेले असता अडचण उभी राहते. म्हणून कामांची टिपणवही ठेवणे ही बियाणे ठेवण्याइतकीच आवश्यक गोष्ट आहे. अलीकडे या टिपणवहीचे काम मोबाइल फोनवरील चॅटबॉटकडे सोपविण्याचा प्रघात पडू लागला आहे. हा प्रघात हिताचा आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, याचा विचार ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी वेळीच केला पाहिजे.

चॅटबॉट म्हणजे काय?

लिहिलेला प्रश्न किंवा आज्ञा घेऊन लिहिलेले उत्तर परत देणारी संगणकाची व्यवस्था म्हणजे चॅटबॉट. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत जोसेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने ‘एलायझा’ नावाची अशी व्यवस्था तयार केली व 1966 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. समोरच्याच्या वाक्यातील काही शब्द हेरून त्यांवरून ठराविक धाटणीची वाक्ये परत करणे, एवढेच तिचे काम होते. तरीही तिच्याशी बोलणाऱ्यांस ती आपले मन जाणते असे वाटू लागले. हे पाहून खुद्द वायझेनबाउम यांनाच चिंता वाटली आणि पुढे त्यांनी अशा समजुतीविरुद्ध लोकांस सावध केले. त्यानंतर यंत्रांची शक्ती कितीतरी वाढली. नोव्हेंबर 2022 मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले आणि कोणत्याही विषयावर सफाईने लिहिणारे यंत्र सामान्य माणसाच्या हाती पडले. सफाईदार उत्तर म्हणजे जाणते उत्तर नव्हे, हा 1966 सालचा धडा मात्र आजही तितकाच खरा आहे.

शेतीच्या क्षेत्रात केंद्र शासनाने 2023 साली पीएम-किसान योजनेच्या चौकशीसाठी ‘किसान ई-मित्र’ हा चॅटबॉट सुरू केला. महाराष्ट्र शासनाने 2025 च्या खरीप हंगामाच्या तोंडावर ‘महाविस्तार’ हे ॲप आणले. त्यात मराठीतून प्रश्न विचारता येतात आणि हवामान, बाजारभाव व पिकांविषयी माहिती मिळते. त्याच वर्षी जून महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने सन 2025 ते 2029 या काळासाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरणास मंजुरी दिली. याचा अर्थ असा की ही साधने आता पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांपुरती राहिली नसून मढे घाटाच्या माथ्यावरील गावापर्यंत ती येणारच आहेत. ती येऊ द्यावी की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ती कोणाच्या हातात राहतील, हा खरा प्रश्न आहे.

माहिती देणे निराळे, आठवण देणे निराळे

या साधनांविषयी पहिला गोंधळ होतो तो येथेच. विचारल्यावर माहिती सांगणे हे एक काम आणि ठरल्या दिवशी ठरल्या वेळी आपण होऊन आठवण देणे हे दुसरे काम. पहिले काम करणारे प्रत्येक यंत्र दुसरे करतेच असे नाही. ‘सोमवारी सकाळी मला आठवण कर’ अशी आज्ञा लिहिली असता ‘होय, करीन’ असे नम्र उत्तर येऊ शकते, आणि सोमवार उजाडला तरी फोन मुकाच राहतो. यंत्राने हेतुपुरस्सर फसविले असे नव्हे. तसे वाक्य लिहिण्याची शक्ती त्याच्यापाशी आहे, परंतु घंटा वाजविण्याची सोय त्यास जोडलेली नाही, एवढेच.

यावर उपाय सोपा आहे. कोणत्याही चॅटबॉटवर हंगामाचे काम सोपविण्यापूर्वी त्यास दहा मिनिटांनंतरची एक आठवण सांगून पाहावी आणि फोन बाजूला ठेवून द्यावा. दहा मिनिटांनी फोन वाजला तर पुढचा विचार करावा. न वाजला तर तारखा काढण्याचे व यादी लावण्याचे काम त्या चॅटबॉटकडून करून घ्यावे, परंतु घंटेसाठी फोनमधील घड्याळ किंवा दिनदर्शिका वापरावी. बैल विकत घेताना त्यास औताला जुंपून पाहणारा शेतकरी फोनवरील नोकरास न पारखता कामावर ठेवतो, हे शहाणपणाचे नाही.

आज्ञा कशी लिहावी?

यंत्राकडून काम करून घेणे हे गडी माणसाकडून काम करून घेण्यासारखेच आहे; सांगणे मोघम असेल तर कामही मोघम होते. ‘लावणीची आठवण ठेव’ एवढेच लिहिले तर यंत्रास कोणती लावणी, कोठली आणि केव्हा हे कळण्यास मार्ग नाही. मग ते कोठल्या तरी पुस्तकी तारखेवर उत्तर बसवून देते. चांगल्या आज्ञेत चार गोष्टी असाव्यात : काम कोणते, ते कोणत्या खाचरातले, तारीख कोणती आणि ते कोणी करावयाचे.

समजा, हिर्डोशी खोऱ्यातील एका शेतकऱ्याने 8 जून रोजी इंद्रायणी भाताचे रोप टाकले आहे. त्याने अशी आज्ञा लिहावी : ‘ओढ्याजवळच्या दहा गुंठ्यांसाठी इंद्रायणीचे रोप 8 जूनला टाकले. रोप 21 दिवसांचे आणि 25 दिवसांचे कधी होईल त्या दोन तारखा सांग. पहिल्या तारखेच्या तीन दिवस आधी चिखलणीची आठवण दे.’ याचे उत्तर 29 जून व 3 जुलै असे आले पाहिजे आणि चिखलणीची आठवण 26 जूनला पडली पाहिजे. भिंतीवरील दिनदर्शिकेवर बोटाने मोजून ते ताडून पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 8 जून ही तारीख यंत्राने सांगितलेली नाही, शेतकऱ्याने सांगितली आहे. रोप केव्हा टाकले, ओढ्याला पाणी केव्हा आले, खाचराचा बांध कोठे फुटला, या गोष्टी त्या शेतावर उभा असलेला माणूसच जाणतो. हीच माहिती टिपणवहीचा प्राण होय. ती आपण लिहिली तर यंत्र कामाचे, न लिहिली तर ते बाजारातील पंचांगासारखे सर्वांस एकच मुहूर्त सांगणारे. पाऊस लांबला तर तारीखही बदलून लिहिली पाहिजे. आठवण वाजली म्हणून कोरड्या खाचरात कोणी लावणी करीत नाही.

आकडा ताडून पाहावा

तारखांप्रमाणेच प्रमाणाचे आकडेही चॅटबॉट काढून देतो. ही सोय चांगली आहे. परंतु हीच जागा धोक्याची आहे. यंत्राने चुकीचा आकडा दिला तरी तो तितक्याच ठाम भाषेत दिलेला असतो आणि वाचणाऱ्यास चूक व बरोबर यांतील भेद भाषेवरून ओळखता येत नाही. म्हणून जो आकडा शेतात किंवा पोटात जाणार आहे, तो स्वतः मांडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

भाताच्या बियाण्यास मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करताना द्रावण 3 टक्के ठेवावयाचे असते. म्हणजे 10 लिटर पाण्यास 300 ग्रॅम मीठ. यंत्राने 30 ग्रॅम सांगितले तर पोचट दाणे पुरेसे तरंगणार नाहीत आणि 3 किलो सांगितले तर चांगले बीही तरंगून वाया जाईल. त्याचप्रमाणे चारसूत्री पद्धतीत दोन रोपांत आलटून पालटून 15 व 25 सेंटिमीटर अंतर ठेवून लावणी करतात आणि चार चुडांच्या प्रत्येक चौकात सुमारे 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट खोचतात. या हिशेबाने हेक्टरी 62,500 ब्रिकेट लागतात व त्यांचे वजन सुमारे 170 किलो भरते. दहा गुंठ्यांस म्हणजे साधारण 17 किलो ब्रिकेट पुरतात. ज्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडला, त्यास यंत्राने 70 किलो असे लिहून दिले तर ते तत्काळ खटकेल. ज्याने मांडला नाही, तो दुकानातून 70 किलो घेऊन येईल आणि दोष नशिबाला देईल.

कीटकनाशकाच्या मात्रेबाबत तर चॅटबॉटचे उत्तर अखेरचे मानूच नये. डब्यावरील लेबल व सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला हेच त्या बाबतीत प्रमाण होत. पानावरील डाग करप्याचा की कडा करप्याचा, हे शब्दांत वर्णन करून विचारले असता यंत्र चुकण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी पान घेऊन माणसाकडे जावे.

फोन पुण्यात आणि शेत गावात

या तालुक्यांची एक स्थिती अशी आहे की तिचा विचार केल्यावाचून या साधनाची चर्चा पोकळ ठरेल. डोंगराकडील अनेक घरांतील तरुण मुले नोकरीधंद्यासाठी पुणे-मुंबईस असतात. गावात आईवडील, सुना आणि लहान मुले राहतात. लावणी, निंदणी व कापणी यांचा मोठा भार स्त्रियांच्या खांद्यावर असतो. परंतु शासकीय नोंदणीस दिलेला फोन क्रमांक बहुधा मुलाचा असतो आणि चांगला फोनही त्याच्याच खिशात असतो. मग ‘उद्या खत द्यावयाचे आहे’ ही आठवण पुण्यातील कारखान्यात पाळीवर उभ्या असलेल्या मुलाच्या फोनवर वाजते. आणि खाचरात उभ्या असलेल्या आईस ती संध्याकाळी, पुष्कळदा दोन दिवसांनी आणि काही वेळा मुळीच कळत नाही. यंत्राने आपले काम चोख केलेले असते, तरी शेताचे काम राहिलेले असते.

यावरून एक नियम निघतो : आठवण ज्याच्या हातून काम व्हावयाचे त्याच्या हातात वाजली पाहिजे. सासूबाईंच्या हातात साधा बटनांचा फोन असेल तर त्यातही गजर लावता येतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी बोलून आज्ञा घेणाऱ्या व्यवस्थाही आता उपलब्ध आहेत. तेही शक्य नसेल तर मुलाने ठरल्या वेळी घरी फोन करून सांगावे, हेही टिपणवहीतच लिहून ठेवावे. आणि ज्याच्यापाशी असा कोणताच चॅटबॉट नाही त्याने कमीपणा मानू नये. जानेवारी 2004 पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक साध्या फोनवरूनही विनामूल्य लागतो व पलीकडे माणूस बोलतो.

दुसरी अडचण आहे ती दऱ्याखोऱ्यांतील संपर्काची. भर पावसाळ्यात वीज जाते, मनोरा बंद पडतो आणि नेमक्या कामाच्या दिवसांत फोन निरुपयोगी होतो. म्हणून चॅटबॉटकडून करून घेतलेली यादी आठवड्यातून एकदा कागदावर उतरवून घरात चुलीजवळच्या भिंतीवर लावावी. ज्या वहीत जावई-सुनांची देणीघेणी लिहिली जातात त्याच वहीत ती उतरविली तरी चालेल. यंत्र बंद पडले तरी भिंत बोलत राहील. हा कागद घरातील सर्वांस दिसतो, फोन मात्र एकट्यालाच दिसतो, हाही त्यातील मोठा लाभ आहे.

काय लिहू नये?

गडी कितीही विश्वासू असला तरी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली कोणी देत नाही. तद्वत चॅटबॉटला कामे सांगावीत, परंतु आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, एटीएमचा पिन आणि फोनवर येणारा ओटीपी त्यास कधीही लिहू नये. आठवण ठेवण्यासाठी यांपैकी कशाचीच आवश्यकता नसते. ‘सोसायटीचा हप्ता भरणे, 20 तारीख’ एवढे पुरे. व्हॉट्सॲपवर शासकीय योजनेचे नाव लावून आलेली कोणतीही फाइल फोनवर उतरवून घेऊ नये. ॲप घ्यावयाचे ते फोनमधील अधिकृत दुकानातूनच, आणि शंका असल्यास कृषी कार्यालयात विचारून घ्यावे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता 1930 या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. जितका विलंब होईल तितकी पैसा परत मिळण्याची आशा मावळते.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

आता प्रश्न ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचा. गावोगाव असे दिसते की शेतकऱ्याची नोंदणी करावयाची झाली की कार्यकर्ता शेतकऱ्याचा फोन आपल्या हाती घेतो, भराभर बोटे चालवितो आणि ‘झाले’ म्हणून परत देतो. यामागे हेतू वाईट नसतो. एका कार्यकर्त्याकडे अनेक गावे असतात, उद्दिष्ट पुरे करण्याची घाई असते आणि शेजारी दहा माणसे खोळंबलेली असतात. परंतु अशा रीतीने भरलेली नोंद शेतकऱ्याची राहत नाही. पुढच्या वेळी तो पुन्हा त्याच दारात येतो, आणि कार्यकर्ता रजेवर असला तर मुदत टळते. पूर्वी अर्ज लिहून देणाऱ्यावर अवलंबून राहावे लागे, आज फोन दाबून देणाऱ्यावर. साधन बदलले, परावलंबन तेच राहिले. प्रगती याला म्हणावयाचे काय?

1952 साली 2 ऑक्टोबर रोजी देशात सामूहिक विकास योजनेस आरंभ झाला, तेव्हा ग्रामसेवकाने लोकांसाठी काम करावयाचे नसून लोकांबरोबर करावयाचे आहे, ही दृष्टी त्यामागे होती. फोनच्या बाबतीतही तीच दृष्टी हवी. कार्यकर्त्याने शेजारी बसावे, हात पाठीमागे ठेवावेत आणि पहिली आज्ञा शेतकऱ्याच्या बोटांनी लिहू द्यावी. ती अशुद्ध लिहिली गेली, वेळ लागला, तरी हरकत नाही. वेळवंड खोऱ्यातील एखाद्या गावात बचत गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास यासाठी काढला आणि दहा बायांनी प्रत्येकी एकच आठवण स्वतः लावली, तर शंभर जणांची नोंदणी उरकण्यापेक्षा ते काम मोलाचे ठरेल. कारण त्या दहा जणी पुढे दुसऱ्या वीस जणींस शिकवितील.

वडीलधारी मंडळी यावर असे म्हणतील की पूर्वी नक्षत्रांवर सारी शेती चाले आणि कोणाला यंत्राने आठवण द्यावी लागत नसे. हे म्हणणे टाकाऊ नाही. त्यांच्या ध्यानात जे आहे तेच या टिपणवहीत प्रथम उतरले पाहिजे. कोणत्या खाचरात पाणी आधी येते, कोणत्या बांधाला खेकडे भोक पाडतात, कोणत्या साली लावणी लांबली व काय झाले, हे ज्ञान आज आजोबांच्या मुखात आहे आणि पुण्यातील नातवापर्यंत ते पोहोचत नाही. परंतु विम्याची मुदत आणि ओळख पडताळणी नक्षत्रांवर चालत नाहीत. त्या तारखा शासन ठरविते व पुष्कळदा बदलतेही. जुन्या आठवणीस नव्या यादीची जोड हवी ती यासाठी.

सारांश, चॅटबॉट हा टिपणवही सांभाळणारा कारकून आहे. तो मालक नव्हे आणि तज्ज्ञही नव्हे. त्याच्याकडून तारखा काढून घ्याव्यात, याद्या लावून घ्याव्यात आणि आठवण देत असल्यास तीही घ्यावी. आकडे स्वतः ताडावेत, गुपिते स्वतःपाशी ठेवावीत आणि पानावरील रोग माणसास दाखवावा. येत्या हंगामापूर्वी भोर व वेल्हे येथील प्रत्येक शेतकरी कुटुंबाने एका संध्याकाळी एकत्र बसावे, हंगामातील कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहावे. मग ती यादी फोनवर चढवावी व भिंतीवरही लावावी. हे काम यंत्र येण्यापूर्वीही करता आले असते. यंत्राच्या निमित्ताने ते घरोघर झाले, आणि त्यात खाचरात राबणाऱ्या माउलीचा शब्द लिहिला गेला, तरी या नव्या साधनाने आपले मोल फेडले असे म्हणता येईल.